हद्द नंतर ठरवा, आराखडा आधी करा

कोल्हापूर महापालिका १९७२ साली अस्तित्वात आली तेव्हा शहराची हद्द ६६.८२ चौरस किलोमीटर होती. आजही ती तेवढीच आहे. मधल्या पन्नासेक वर्षांत हद्दवाढीच्या कितीतरी याद्या निघाल्या. कधी बेचाळीस गावांची, कधी अठरा गावे आणि दोन औद्योगिक वसाहतींची, कधी त्याहून लहान. दर वेळी शहरात कृती समिती आंदोलनाला बसते, गावांत कडकडीत बंद होतो, मुंबईत बैठक लागते आणि विषय पुढच्या निवडणुकीपलीकडे ढकलला जातो. २०१७ मध्ये तोडगा म्हणून बेचाळीस गावांसाठी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्यालाही आता बरीच वर्षे लोटली, आणि वाद होता तिथेच आहे.

शहर म्हणते, आमची कोंडी झाली. गावे म्हणतात, आम्हाला तुमच्यात यायचे नाही. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, आणि तरीही आपण चुकीच्या गोष्टीवर भांडतो आहोत असे माझे ठाम मत आहे. हद्द म्हणजे कर कोणी गोळा करायचा आणि दाखला कोणाच्या सहीने मिळायचा याची रेषा. माणसे कुठे राहणार, कुठे कामाला जाणार, कशाने जाणार आणि पुराचे पाणी कुठून वाहणार, यातले काहीच ती रेषा ठरवत नाही. हे सगळे ठरवायला पुढच्या तीस वर्षांचा आराखडा लागतो, आणि तो शहर, इचलकरंजी, औद्योगिक वसाहती आणि मधली गावे यांचा मिळून एकच असायला हवा. हद्दीचा निकाल लागेपर्यंत त्यासाठी थांबायचे काहीच कारण नाही.

थांबण्याची किंमत काय, ते पाहायला शहराच्या दक्षिणेला जावे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आत-बाहेर होती. पण त्या आकड्यात पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, सरनोबतवाडी, उजळाईवाडी, शिंगणापूर धरलेले नाहीत, आणि गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले नवे कोल्हापूर याच गावांत बांधले गेले आहे. तिथल्या एखाद्या ले-आऊटमध्ये फिरून बघा. नऊ मीटरचा रस्ता सरळ जातो आणि अचानक उसाच्या सरीपाशी संपतो. पुढे कधीतरी पलीकडच्या मालकाने जमीन बिगरशेती करून घेतली की त्याचा रस्ता वीस-पंचवीस फूट बाजूला पडतो. दोन्हीकडे घरे होतात, मध्ये बांध राहतो, आणि शाळेची रिक्षा त्या बांधाला वळसा घालण्यासाठी मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन परत येते. ओढा होता तिथे कोणीतरी पाईप टाकून वर भराव केलेला असतो. मोकळी जागा म्हणून कागदावर दाखवलेला तुकडा कोपऱ्यातला, तिरका, कशालाच उपयोगी न पडणारा. प्रत्येक ले-आऊट नियमाप्रमाणे मंजूर झालेला असू शकतो. पण एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडणारा नकाशा कोणापुढेच नव्हता. आणि जिथे मंजुरीच नाही, गुंठा-दोन गुंठ्याने जमीन विकली गेली, तिथली गोष्ट तर विचारायलाच नको.

पाचगावात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी घरे शहराच्या वेशीपासून हाकेच्या अंतरावर आहेत. तावडे हॉटेल परिसरातल्या बांधकामांचा वाद तर शहराच्या तोंडावरचा. ती जमीन महापालिकेची की उचगाव ग्रामपंचायतीची, परवानगी देण्याचा हक्क कोणाचा, हे भांडण वर्षानुवर्षे चालले, कोर्टापर्यंत गेले, आणि दरम्यान बांधकामे उभी राहिली. हद्दीवर भांडत बसले की जमीन कशी हातची जाते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

गावांच्या विरोधाकडे शहरातले लोक अनेकदा अडाणीपणा म्हणून पाहतात. सरपंचांना खुर्ची सोडवत नाही, म्हणून ते लोकांना भडकवतात, असे सरसकट बोलले जाते. विरोध करणाऱ्या गावांची केएमटी, म्हणजे महापालिकेची बस, बंद करा, पाणी तोडा, अशाही मागण्या होतात. हे मला मनापासून चुकीचे वाटते. ज्या गावांनी शहराला भाजी, दूध, माती, वाळू आणि माणसे दिली त्यांना असे धमकावून शहर वाढवता येत नाही. शिवाय त्यांची भीती अनुभवातून आलेली आहे. घरफाळा वाढेल, हे तर उघडच आहे. त्याहून मोठी भीती आरक्षणाची. विकास आराखड्यात एखाद्या शेतकऱ्याच्या अडीच एकरांवर बगिचा, शाळा किंवा डीपी रोडची, म्हणजे आराखड्यातल्या नियोजित रस्त्याची, रेघ पडली की ती जमीन ना धड त्याची राहते ना धड शहराची होते. विकायची तर गिऱ्हाईक नाही, बांधायची तर परवानगी नाही. महापालिकेकडे भूसंपादनाला पैसे नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगर रचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षे वाट बघायची, मग नोटीस द्यायची, मग पुन्हा मुदत संपायची वाट बघायची, आणि शेवटी आरक्षण रद्द होऊन जमीन सुटते. तोवर मालकाची एक पिढी गेलेली असते आणि शहराला बगिचाही मिळालेला नसतो. शहरातली आरक्षणे अशी एकेक करून सुटताना शेजारच्या गावातला शेतकरी पाहतो आहे. त्याने आपला सातबारा अशा व्यवस्थेच्या हाती का द्यावा?

म्हणून पद्धत बदलली पाहिजे. ती कशी, त्याकडे येतो. त्याआधी नदीबद्दल बोलायला हवे, कारण कोल्हापूरच्या कुठल्याही आराखड्याची पहिली रेघ पंचगंगाच मारते.

राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोनच वर्षांनी, २०२१ मध्ये, ५६ फुटांच्या वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. पाणी उपसा केंद्रेच बुडाल्यामुळे चहूकडे पाणी असलेल्या शहराच्या नळाला पाणी नव्हते. पेट्रोल, भाजी, दूध, सगळ्याची टंचाई. ‘रेडेडोह फुटला’, म्हणजे तिथे नदीचे पाणी पात्राबाहेर पडले, एवढे कानावर पडले की पन्हाळा-रत्नागिरीकडचा रस्ता आता जाणार हे सगळ्यांना कळते. १९८९, २००५, २०१९, २०२१ असा हा क्रम आहे. पूर नवा नाही. नवे आहे ते जयंती नाल्याच्या काठावरचे, रमणमळ्याकडचे, बावड्याच्या मळ्यांतले बांधकाम, आणि त्यासाठी टाकलेले भराव. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा जलसंपदा खात्याने आखली आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, दोन्ही रेषांच्या मध्ये अटी घालून परवानगी. पण या रेषा लोकांना फक्त ‘परवानगी मिळते की नाही’ एवढ्यापुरत्या माहीत आहेत. त्या रेषेच्या आत राहणाऱ्यांनी उद्या कुठे जायचे, हे कुठल्याच नकाशावर लिहिलेले नाही.

या बाबतीत चिखली आणि आंबेवाडीचा धडा प्रत्येक नियोजनकाराने शिकावा असा आहे. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळी इथे उंचावर प्लॉट दिले गेले. सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही; जागा दिली, ती सुरक्षितही आहे. तरी २०१९ मध्ये चिखलीत पाणी शिरले तेव्हा शेकडो माणसे जुन्या गावातच होती आणि त्यांना बोटींतून बाहेर काढावे लागले. बाहेरचा माणूस विचारतो, हे लोक तीस वर्षांत तिकडे गेले का नाहीत?

ज्याच्या दावणीला चार म्हशी आहेत त्याच्या दिवसाकडे पाहिले की उत्तर मिळते. पहाटे धार, मग डेअरीत दूध घालायचे, मग वैरण आणायला रानात, दुपारी जनावरे पाण्यावर, संध्याकाळी पुन्हा धार. रान नदीकाठी, वैरण नदीकाठी, डेअरी गावात. सोनतळीचा प्लॉट घरापुरता. तिथे गोठा कुठे बांधायचा, शेणखताचा उकिरडा कुठे घालायचा, पहाटे चार वाजता रानात कसे यायचे? जुन्या घरात तीन भाऊ आणि त्यांचे संसार, प्लॉट एकाच्या नावावर. मालकी हक्काच्या कागदांची रखडपट्टी वेगळीच. म्हणून पोरे शिकायला वर, म्हातारी आणि जनावरे खाली, अशी घराची विभागणी झाली. पाणी वाढू लागले की आधी जनावरे हलवायची, ती हलली की माणसे हलणार. तोवर रस्ता बंद.

सोनतळीत जे चुकले ते साधे होते. घराची जागा ठरवताना त्या घराचे पोट कशावर चालते आणि घरापासून कामापर्यंत माणूस कसा पोहोचणार, हे कोणी विचारले नाही. निवारा, रोजगार आणि वाहतूक या तिन्हींचा विचार एकत्र झाला नाही की दिलेले घरही रिकामे राहते. प्रत्येक कुटुंबाला घराच्या प्लॉटशेजारी गोठ्याची जागा, गावाच्या मधोमध सामायिक वैरण साठा, दूध संकलन केंद्र आणि रानाकडे जाणारा बारमाही रस्ता मिळाला असता, तर चिखली कधीच वर गेली असती असे मला वाटते. अजूनही उशीर झालेला नाही. करवीर, शिरोळ, हातकणंगले तालुक्यांत अशी किती गावे आहेत, ते दर पावसाळ्यात आपण पाहतोच.

आता हाच प्रश्न उलट्या बाजूने बघू. सोनतळीत घर आहे आणि काम लांब. औद्योगिक वसाहतीत काम आहे आणि घर नाही.

कोल्हापूरचा कारखानदार उद्यमनगरात वाढला. इंजिन दुरुस्तीतून ओतकाम, ओतकामातून सुटे भाग. मग जागा पुरेना म्हणून शिरोली, गोकुळ शिरगाव आणि पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. इथल्या फौंड्रींचे कास्टिंग देशभरच्या ट्रॅक्टर-मोटारींत जाते, याचा आपल्याला योग्य अभिमान आहे. पण कारखान्यांसाठी हजारो एकर जमीन राखणाऱ्यांनी कामगारांच्या घरांसाठी तशी जमीन राखली नाही. फर्नेसवर, मोल्डिंगला, फेटलिंगला काम करणारी पोरे आज बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली आहेत. ती कुठे राहतात? शिरोलीत, नागावात, गोकुळ शिरगावात, कणेरीवाडीत, शेतकऱ्याने आपल्या गुंठ्या-दोन गुंठ्यांत ओळीने बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांत. एका खोलीत चार-पाच जण, पाळीप्रमाणे झोपतात. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागी आडवा होतो. दहा खोल्यांना एक-दोन संडास, बोअरचे पाणी, सांडपाणी मागच्या रानात. खोल्या बांधणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. सरकारने आणि उद्योगांनी सोडलेली जबाबदारी त्याने आपल्या परीने उचलली आहे. पण ही माणसे आपल्या उद्योगाचा कणा असतील, तर त्यांच्यासाठी भाड्याची स्वच्छ घरे हा औद्योगिक धोरणाचाच भाग असला पाहिजे. कारखान्याचा प्लॉट मंजूर करताना जसा वीज-पाण्याचा हिशेब मांडला जातो, तसाच खोल्यांचाही मांडावा.

स्थानिक कामगाराची कथा वेगळी आहे, पण सुखाची नाही. तो राहतो राधानगरी रस्त्याला, गगनबावडा रस्त्याला, पन्हाळ्याच्या पायथ्याला, आणि कामाला जातो महामार्गाच्या पलीकडे. मधे अख्खे शहर. सकाळी पाळीच्या वेळी रंकाळ्यापासून तावडे हॉटेलपर्यंत दुचाक्यांची जी रांग लागते ती शहराच्या कामासाठी आलेलीच नसते. तिला शहरातून फक्त पार व्हायचे असते. पावसात, अंधारात, रात्रपाळी करून झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी महामार्गावरून मोटारसायकल चालवत येणारा बाप, मुलगा किंवा नवरा घरी पोहोचेपर्यंत घरातल्यांचा जीव टांगणीला असतो. आणि ज्या बाईला गाडी चालवता येत नाही किंवा घरात दुसरी गाडी नाही, तिच्यासाठी ती नोकरी नसल्यातच जमा. कारखान्यांत बाया कमी का, याचे एक कारण बसच्या वेळापत्रकात आहे.

केएमटी १९६२ पासून आहे. एके काळी आसपासच्या खेड्यांतली पोरे तिच्याच पासवर कॉलेज शिकली. आज गाड्या जुन्या, फेऱ्या कमी, तोटा कायम. तोटा होतो म्हणून फेरी बंद करायची, फेरी बंद झाली म्हणून लोकांनी कर्ज काढून दुचाकी घ्यायची, दुचाक्या वाढल्या म्हणून रस्ता रुंद करायचा, अशा चक्रात आपण अडकलो आहोत. बससेवा महापालिकेच्या गळ्यात, प्रवासी मात्र निम्मे हद्दीबाहेरचे. त्यामुळे शहर म्हणते आम्ही त्यांचा भार का सोसावा, आणि गाव म्हणते आम्ही तिकीट काढतो की. या दोघांवर एक प्रादेशिक परिवहन संस्था हवी, जिच्यात महापालिका, इचलकरंजी, औद्योगिक वसाहती आणि ग्रामपंचायती आपापला वाटा घालतील. पाळीच्या वेळा कारखानदारांनी एकत्र बसून अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढे-मागे केल्या तरी आहे त्या बसमध्ये दुप्पट माणसे जातील. त्याला तर एक रुपयाही लागत नाही.

रेल्वेचे मला विशेष वाईट वाटते. कोल्हापूर-मिरज मार्ग १८९१ पासून आहे. गूळ मार्केट, वळीवडे, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर अशी स्थानके त्यावर आहेत. ज्या पट्ट्यात माणसे राहतात आणि कामाला जातात, नेमका तोच हा पट्टा. मार्गाचे विद्युतीकरण झाले आहे. तरी सकाळ-संध्याकाळ ठराविक अंतराने धावणारी लोकल इथे नाही, आणि बहुतेक स्थानकांच्या दारात बस नाही. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाची मागणी जरूर लावून धरावी, कोकणाशी जोडले जाणे महत्त्वाचे आहेच. पण जो मार्ग सव्वाशेहून अधिक वर्षे आपल्या अंगणातून जातो आहे, त्यावर दर अर्ध्या तासाला गाडी मागणारा मोर्चा अजून निघालेला नाही. इचलकरंजीचा माणूस हातकणंगलेपर्यंत बसने आणि तिथून गाडीने कोल्हापुरात, असा पास एकाच कार्डावर मिळाला तर किती दुचाक्या रस्त्यावरून उतरतील!

रस्त्यांच्या बाबतीत लोकांना गृहीत धरले की काय होते, ते या शहराने महाराष्ट्राला दाखवले आहे. शहरांतर्गत सुमारे पन्नास किलोमीटरचे रस्ते खासगीकरणातून झाले, टोलनाके बसले, आणि एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या नेतृत्वाखाली शहर रस्त्यावर उतरले. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला. त्या लढ्याकडे केवळ टोलविरोध म्हणून पाहणे अपुरे आहे. रस्ता कुठे, कसा, कोणाच्या पैशाने, हे ठरवताना आम्हाला विचारा, अशी ती मागणी होती. शक्तिपीठ महामार्गाविरोधात जिल्ह्यातला शेतकरी उभा राहिला तोही याच मागणीने. म्हणून प्रादेशिक आराखडा वरून आणून लादला तर तो इथे टिकणार नाही. तो गावसभेत, तालमीत, कामगारांच्या खोल्यांसमोर नकाशा पसरूनच करावा लागेल. हरकती-सूचनांची मुदत संपायच्या आत नगररचना कार्यालयाच्या भिंतीवर नकाशा चिकटवला की कायदा पाळला जातो. पण लोकांना आपला गट नंबर त्या नकाशावर शोधता आला पाहिजे, आणि त्यांच्या भाषेत समजावून सांगणारा माणूस शेजारी उभा असला पाहिजे.

दूरचा विचार हे कोल्हापूरला परके नाही. शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसवली. वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले ते रेल्वेच्या कडेला, काटकोनात रस्ते आखून. तिथल्या क्रमांकांच्या गल्ल्या आजही नवख्याला पत्ता शोधून देतात. पुढे राजाराम महाराजांच्या काळात राजारामपुरी झाली तीही तशाच ओळीच्या गल्ल्यांची. राधानगरी धरणाचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले गेले. महाराज १९२२ मध्ये गेले तेव्हा ते अपुरे होते, आणि पुरे झाले १९५० च्या दशकात. सुरू करणाऱ्याला फळ दिसणार नाही हे ठाऊक असतानाही सुरू केलेले ते काम. त्याच्या पाण्यावर आज करवीरचा ऊस उभा आहे. आपण मात्र पुढच्या पाच वर्षांपलीकडचे काही बोलायला तयार नाही. काळम्मावाडी धरणातून शहरासाठी थेट पाईपलाईन आली, २०२३ च्या दिवाळीत पाणी मिळाले, आनंद झाला. त्या पाण्याचे पुढच्या तीस वर्षांचे वाटप गावांसह कसे करायचे, यावर चर्चा कुठे झाली?

आता पद्धतीविषयी. भूसंपादन आणि आरक्षण या दोन्ही वाटांनी शेतकरी नागवला जातो किंवा जमीन अडकते. तिसरी वाट आपल्याच कायद्यात आहे: नगर रचना योजना. मुंबई प्रांताने १९१५ मध्येच तसा कायदा केला होता आणि आजच्या अधिनियमातही त्याचे स्वतंत्र प्रकरण आहे. पन्नास-शंभर एकरांतल्या सगळ्या मालकांची जमीन कागदावर एकत्र करायची. तिच्यातून रस्ते, ओढ्याचा पट्टा, शाळा, दवाखाना, बगिचा, गरिबांच्या घरांची जागा काढायची. उरलेली जमीन प्रत्येकाला त्याच्या वाट्याच्या प्रमाणात, पण आता चौकोनी, रस्त्याला लागून असलेल्या अंतिम भूखंडाच्या रूपात परत द्यायची. समजा, दोन एकरवाल्याला एक-सव्वा एकर मिळाले. ते सव्वा एकर रस्त्या-गटारासह असल्याने आधीच्या दोन एकरांपेक्षा मोलाचे होते. कोणाची संपूर्ण जमीन जात नाही आणि कोणी एकटाच बगिच्याच्या रेघेखाली भरडला जात नाही. अहमदाबादने आपला भोवतालचा मोठा भाग याच पद्धतीने वाढवला. पुण्याजवळ माण-म्हाळुंगेत ही योजना हाती घेतली गेली. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी तर सुमारे चारशे एकर स्वतःच एकत्र आणून शहर वसवले आणि मालक म्हणूनच राहिले. साखर कारखाना, दूध संघ, पाणीपुरवठा संस्था चालवणाऱ्या कोल्हापूरच्या शेतकऱ्याला जमिनीची सहकारी संस्था चालवता येणार नाही, हे मी मान्य करणार नाही.

ही योजना करायला हद्दवाढ लागत नाही. प्राधिकरण आहेच, त्याला नगररचनाकार, मोजणीदार, बीज-भांडवल आणि त्याच्या सभेत गावांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत. आज ते लोकांना बांधकाम परवान्याचे कार्यालय म्हणूनच माहीत आहे. पहिली योजना गोकुळ शिरगाव-कणेरी पट्ट्यात करावी, कामगारांच्या भाड्याच्या घरांसह. दुसरी एखाद्या पूरग्रस्त गावासाठी उंचावर, गोठ्यांसह. एक योजना डोळ्यांपुढे उभी राहिली की दहा गावे स्वतःहून विचारायला येतील.

हद्दवाढीचे समर्थक म्हणतील, हद्द वाढली नाही तर लोकसंख्या कमी दिसते, केंद्र-राज्याचा निधी हुकतो. हा मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. पण २०२० च्या अखेरीपासून जी महापालिका दीर्घकाळ निवडून आलेल्या सभागृहाशिवाय प्रशासकाच्या हाती होती, तिच्यात सामील व्हा हे गावांना सांगताना आपण त्यांच्या मताची किंमत काय ठेवली? निधीसाठी वेगळी वाट काढता येते. नव्या विकसित क्षेत्रातला घरफाळा आणि विकास शुल्क ठरलेल्या प्रमाणात ग्रामपंचायत, महापालिका आणि प्रादेशिक परिवहन यांत वाटून घ्यावे. कचरा, बस, पाणी आणि सांडपाणी हे चार विषय एकत्र चालवले तर उरलेल्या बाबींत गाव गाव म्हणून राहिले तरी बिघडत नाही.

सांडपाण्याचा उल्लेख मुद्दाम केला. कोल्हापूरचे नाले पंचगंगेत जातात आणि ती पुढे इचलकरंजीला जाते. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसे दगावली. त्या शहराला चांगल्या पाण्यासाठी दूधगंगेवर सुळकूड योजना हवी आहे आणि तिकडच्या शेतकऱ्यांना आपले पाणी जाईल ही भीती आहे. वरच्याने नदी घाण करायची आणि खालच्याने दुसरी नदी मागायची, हा तंटा कुठल्याही एका पालिकेच्या हद्दीत सुटणारा नाही. दोन महापालिका आणि मधली गावे एका टेबलाशी बसणे एवढाच त्यावर उपाय.

आणि वेळ फार कमी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. सहा जिल्ह्यांचे पक्षकार, वकील, कर्मचारी आता इथे येऊ लागले आहेत. कायमच्या इमारतीसाठी शेंडा पार्कची जागा पुढे आली आहे. चाळीस वर्षांच्या लढ्याला आलेले हे यश आहे, मलाही त्याचा तितकाच आनंद आहे. पण शेंडा पार्कच्या पलीकडे मोरेवाडी, पाचगाव, आर. के. नगर आहे, आणि तिथे व्यवहार सुरू झाले आहेत हे कोणत्याही इस्टेट एजंटाला विचारले तरी कळेल. तिथला बसचा रस्ता, ओढ्यांचे पट्टे, शाळेची जागा, न्यायालयात काम करणाऱ्या शिपायाला आणि टायपिस्टला परवडेल असे घर, हे नकाशावर यायचे असेल तर ते येत्या वर्ष-दोन वर्षांतच यावे लागेल. प्राधिकरणाने त्या भागातली पहिली गावसभा या पावसाळ्याआधी बोलवावी, आणि मोजणीदाराला नकाशासह सोबत आणावे.